भूलतज्ज्ञाच्या संशोधनाचं मोजमाप: सायटेशनचा आकडा नेमकं काय सांगतो?

ग्रंथालयवाली (मिरज)

नमस्कार मंडळी.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. आमच्या बधिरीकरणशास्त्र विभागातल्या एक ज्येष्ठ मॅडम लवकरच निवृत्त होताहेत. विभागातली मुलं त्यांची गौरविका काढताहेत आणि त्यातलं 'संशोधन' हे पान माझ्या वाट्याला आलंय. सूचना एवढीच: एकूण पेपर, एकूण सायटेशन (म्हणजे इतरांच्या पेपरांत दिलेले संदर्भ), एच-इंडेक्स (या दोन्हींवरून काढलेला निर्देशांक). तीन आकडे, मोठ्या टायपात.

आकडे काढायला बसले आणि पहिल्याच पायरीवर अडले. मॅडमचे सुरुवातीचे पेपर माहेरच्या आडनावाने आहेत, नंतरचे सासरच्या. सासरचं आडनाव पाटील आणि नावाचं आद्याक्षर एस. आपल्या भागात एस. पाटील किती असतील हे मी सांगायला नको. स्कोपस या संदर्भसूचीत मॅडम वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेल्या निघाल्या आणि त्यातल्या एका खात्यात उसाच्या रसाच्या साठवणुकीवरचा पेपर त्यांच्या नावावर जमा होता. गूगल स्कॉलरवर त्याच्या उलट. तिथे भलत्याच पाटलांचे पेपर येऊन चिकटलेले, त्यामुळे आकडा फुगलेला. सगळं निवडून-पाखडून झाल्यावर खरा एच-इंडेक्स एकअंकी आला.

तो बघून समितीतले एक जण म्हणाले, "मग हे पान राहू द्या, त्याऐवजी फोटो टाकू."

मला हे अजिबात पटलेलं नाही. मी मॅडमचे पेपर वाचले आहेत. सिझरला स्पायनल, म्हणजे कण्यातून भूल, दिल्यावर आईचं बीपी पडतं त्यावर आहेत. गुटख्याने तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही अशा रुग्णांना श्वासनलिकेत ट्यूब टाकण्यावर आहेत. कीटकनाशकाची विषबाधा होऊन व्हेंटिलेटरवर आलेल्या रुग्णांवर आहेत. तिन्ही विषय आपल्याच भागातल्या वॉर्डांतून आणि ऑपरेशन थिएटरमधून (ओटीतून) उठलेले आहेत. त्यांच्यामागे माणसाचं अख्खं आयुष्य गेलंय.

तर इथल्या डॉक्टरांना, प्राध्यापकांना, आकडेशास्त्रवाल्यांना विचारायचंय: भूलशास्त्रातल्या माणसाच्या संशोधनाचं वजन कसं सांगावं? सायटेशनला किती किंमत द्यावी? आणि त्या पानावर काय लिहावं?

मध्यरात्रीची_केस (सांगली)

ताई, पान अजिबात काढू देऊ नका.

मी फ्रीलान्स भूलतज्ज्ञ. विश्रामबागेपासून मिरज स्टेशनपर्यंतच्या नर्सिंग होममध्ये माझा दिवस आणि बऱ्याचदा रात्रही जाते. मी पेपर लिहीत नाही, पण दुसऱ्यांच्या पेपरांवर माझा रोजचा धंदा उभा आहे, तो कसा ते सांगतो.

ऑपरेशनच्या आधी मी रुग्णाला समोर बसवतो. "तोंड पूर्ण उघडा, जीभ बाहेर काढा, आवाज करू नका." घशात पडजीभ दिसते का, मागच्या कमानी दिसतात का, की नुसतीच जीभ आणि टाळू दिसतो, ते बघतो आणि केसपेपरवर 'मल्लमपाटी २' किंवा 'मल्लमपाटी ३' लिहितो. हे डॉ. शेषगिरी मल्लमपाटी. आंध्रातून शिकून बोस्टनला गेलेले भूलतज्ज्ञ. १९८३ मध्ये त्यांनी ही कल्पना एका छोट्या पत्रातून मांडली आणि १९८५ मध्ये २१० रुग्णांवरचा अभ्यास कॅनडाच्या भूलशास्त्राच्या नियतकालिकात छापला. त्यांचे वर्ग तीनच होते. चौथा वर्ग १९८७ मध्ये सॅमसून आणि यंग यांनी जोडला. २१० हा आकडा फार मोठा नाही हो. आजच्या आपल्या एखाद्या पीजीच्या थीसिसएवढाच. पण त्याला लागलं काय? डोळे, एक बॅटरी आणि नेमका प्रश्न. यंत्र नाही, सुई नाही, खर्च नाही. म्हणून तो अमेरिकेत चालला आणि तालुक्याच्या गावातही चालला.

आता गंमत नाही, खरी गोष्ट सांगतो. पुढच्या अभ्यासांनी दाखवलं की ही तपासणी एकटी पुरत नाही. कोक्रेन या, जगभरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात असं निघालं की ट्यूब टाकायला अवघड जाणाऱ्यांपैकी साधारण निम्म्याच रुग्णांचा अंदाज तिच्यावरून आधी येतो. म्हणून आम्ही तिच्या जोडीने मान किती वळते, हनुवटीपासून गळ्यापर्यंत अंतर किती, तोंड किती बोटं उघडतं, सगळं बघतो. म्हणजे मल्लमपाटींच्या पेपराला जी प्रचंड सायटेशन मिळाली त्यातली कितीतरी 'ही तपासणी अपुरी आहे' असं सांगणारी आहेत. मला त्यात त्यांचा मोठेपणाच दिसतो. त्यांनी मोजता येईल असा प्रश्न टेबलावर ठेवला, म्हणून जगाला तो तपासता आला.

दुसरं नाव व्हर्जिनिया अपगार. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या भूलतज्ज्ञ, १९४९ मध्ये तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या पहिल्या महिला पूर्ण प्राध्यापक. १९५३ मध्ये त्यांचा पेपर आला: बाळ जन्मल्यावर एका मिनिटाला त्याचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, चिमटा घेतल्यावरची प्रतिक्रिया आणि रंग, प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. आज सांगलीच्या कुठल्याही प्रसूतिगृहात जा, बाळाच्या कागदावर 'अपगार' लिहिलेला सापडेल. तो लिहिणारी सिस्टर १९५३ च्या पेपराचा संदर्भ देत नाही, द्यायची गरजही नाही. पण म्हणून या वापराचं एकही सायटेशन कुठल्या खात्यात जमा होत नाही.

तुमच्या मॅडमच्या गुटख्यावरच्या पेपराबद्दल जरा सविस्तर सांगाल का? ते माझ्या रोजच्या कामाचं आहे. तोंडच उघडत नसेल तर मल्लमपाटी बघणार कशी?

पीजी_दुसरं_वर्ष (कराड)

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते.

आम्हाला एमडी करताना थीसिस असतो. सिनॉप्सिस, एथिक्स कमिटी, सीटीआरआय या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत नोंदणी, मग केसेस. त्यात काही वाईट नाही, उलट शिकायला मिळतं. पण पुढे शिक्षक व्हायचं तर बढतीसाठी पेपर लागतात, तेही पहिल्या काही लेखकांत नाव असलेले. मग सुरू होतात मेल: "आपला शोधनिबंध सात दिवसांत छापू, एवढी फी भरा." माझ्या ओळखीतल्यांचे पैसे अशात गेले आहेत. छापलेला पेपर नंतर कुठल्याच सूचीत सापडत नाही.

माझा प्रश्न साधा आहे. एच-इंडेक्स म्हणजे नक्की काय? सिनिअर लोक बोलतात, आम्ही मान डोलावतो.

आणि एक उदाहरण माझ्याकडून. ईएसपी ब्लॉक, म्हणजे पाठीच्या कण्याशेजारच्या स्नायूखाली भूल सोडायची, हे पहिल्यांदा २०१६ मध्ये फोरेरो आणि सहकाऱ्यांनी मांडलं. मोजक्या रुग्णांवरचा पेपर. पण करायला तुलनेने सोपं आणि सुरक्षित, म्हणून पुढच्या काही वर्षांत त्यावर पेपरांचा पाऊस पडला आणि मूळ पेपराची सायटेशन कुठल्या कुठे गेली. आमच्याकडे तो ब्लॉक शिकवतात. (अवांतर: त्यासाठी लागणारं सोनोग्राफी मशीन ओटीत ठेवायचं तर पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखाली नोंदणी हवी. छोट्या नर्सिंग होममध्ये हा ब्लॉक कमी दिसतो त्याचं एक मोठं कारण हे आहे, आणि ते कुठल्याही आंतरराष्ट्रीय पेपरात सापडणार नाही.)

अजिंक्यतारा (सातारा)

मी संख्याशास्त्र शिकवतो, वैद्यकीय महाविद्यालयांतल्या मुलांना थीसिसच्या आकडेमोडीत मदत करतो. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी एच-इंडेक्स. २००५ मध्ये होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने मांडला. सगळे पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावा. समजा पाच पेपर आहेत आणि त्यांना ४०, १२, ६, ३, १ अशी सायटेशन आहेत. तिसऱ्या पेपराला निदान तीन आहेत का? आहेत, सहा. चौथ्याला निदान चार? नाहीत, तीनच. म्हणून एच-इंडेक्स ३. आता पहिल्या पेपराची ४० काढून ४,००० करा. एच-इंडेक्स? तरीही ३. म्हणजे ज्याने आयुष्यात एकच पण जग बदलणारा पेपर लिहिला त्याला हा निर्देशांक ओळखतच नाही. आणि तो वयाबरोबर वाढतच जातो, खाली कधी येत नाही. ज्याचं सहलेखकांचं जाळं मोठं, त्याचाही भराभर वाढतो.

दुसरं, शाखेचा फरक. हृदयरोग किंवा कर्करोगाच्या तुलनेत भूलशास्त्रात संशोधक कमी, पेपर कमी, म्हणून एकमेकांना दिलेले संदर्भही कमी. तेव्हा भूलतज्ज्ञाचा आकडा हृदयरोगतज्ज्ञाच्या शेजारी ठेवून बघणं चूक. दरवर्षी वर्तमानपत्रात बातमी येते ना, 'जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांत आपल्या जिल्ह्यातील प्राध्यापक', ती यादी जॉन इयोआनिडिस आणि सहकारी स्कोपसच्या माहितीवरून काढतात. तिच्यात १७४ उपशाखा वेगळ्या केलेल्या आहेत, त्यामुळे भूलतज्ज्ञाची तुलना भूलतज्ज्ञाशी होते. पेपरातलं लेखकाचं स्थान धरलं जातं, स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन वगळूनही तक्ता मिळतो. कामाची यादी आहे. पण बातमी छापताना हे बारकावे गळून जातात, उरतो फक्त 'दोन टक्के'.

आता मुख्य मुद्दा. सायटेशनचा आकडा किती फसवा असू शकतो याचं जगातलं सर्वात बोलकं उदाहरण भूलशास्त्रातच आहे, आणि ते पकडलंही भूलतज्ज्ञांनीच.

जपानचे योशिताका फुजी. ऑपरेशननंतरची मळमळ-उलटी आणि ग्रॅनिसेट्रॉन हे औषध यावर पेपरांमागून पेपर. २००० सालीच जर्मनीतल्या क्रांके, आप्फेल आणि रोवर यांनी एका पत्रात लिहिलं होतं की यांचे आकडे विश्वास बसणार नाही इतके छान आहेत. वेगवेगळ्या गटांत डोकेदुखीसारख्या त्रासाचे आकडे पुन्हा पुन्हा सारखेच येत होते. पुढची बारा वर्षं फारसं काही झालं नाही. फुजी लिहीत राहिले, इतर लोक संदर्भ देत राहिले, आकडा वाढत राहिला.

मग आले जॉन कार्लाइल. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या टॉर्की गावातल्या टॉर्बे रुग्णालयातले भूलतज्ज्ञ. मोठ्या विद्यापीठातले नावाजलेले प्राध्यापक वगैरे नव्हेत, आपल्या जिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी रोज केसेस घेणारा माणूस. त्यांनी फुजींच्या १६८ चाचण्यांमधले सुरुवातीचे तक्ते घेतले. रुग्णांचं वय, वजन, उंची असतं तो पहिला तक्ता, जो कुणी वाचत नाही. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले तर त्यांच्या सरासरी वयात थोडा फरक पडतोच, कधी कमी, कधी जास्त. तो फरक कसा विखुरलेला असायला हवा याचं गणित आहे. फुजींच्या गटांत हा नैसर्गिक विखुरलेपणा दिसेना. गट जितके सारखे यायला हवेत त्याहून कितीतरी जास्त सारखे. ही विश्लेषणाची मांडणी २०१२ मध्ये छापून आली. त्याच वर्षी जपानच्या भूलशास्त्र संघटनेच्या समितीने २१२ पेपर तपासले. १७२ बनावट निघाले, आणि बनवाबनवी नाही असं खात्रीने म्हणता आले फक्त तीन.

कार्लाइल तिथे थांबले नाहीत. २०१७ मध्ये त्यांनी ५,०८७ चाचण्यांना हीच कसोटी लावली. त्यातून भूमध्यसागरी आहारावरचा एक गाजलेला स्पॅनिश अभ्यासही नजरेत आला. तिथे फसवणूक नव्हती, काही ठिकाणी चिठ्ठ्याच नीट टाकल्या गेल्या नव्हत्या. तो २०१८ मध्ये मागे घेऊन दुरुस्त करून पुन्हा छापावा लागला.

आणखी एक नाव घेतो कारण त्यात माणसांचे जीव गुंतले होते. जर्मनीचे योआकिम बोल्ट. शिरेतून द्यायच्या स्टार्चच्या द्रावणाचे मोठे जाणकार समजले जायचे. त्यांचे पेपर मागे घेण्याचं सत्र २०१० पासून सुरू झालं आणि आजवर दोनशेहून जास्त पेपर मागे घेतले गेलेत. २०१३ मध्ये जामा या नियतकालिकात गंभीर रुग्णांवरच्या ३८ चाचण्या एकत्र करून तपासल्या गेल्या. सगळ्या धरल्या तर स्टार्चचा धोका स्पष्ट दिसत नव्हता. बोल्ट यांच्या सात वगळल्या आणि चित्र बदललं: मृत्यू जास्त, मूत्रपिंडं निकामी होण्याचं प्रमाण जास्त. त्याच वर्षी अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने या द्रावणांवर सर्वात कडक इशारा छापायला लावला. म्हणजे इतकी वर्षं जी सायटेशन बोल्ट यांच्या खात्यात मानाने जमा होत होती, त्यातल्या प्रत्येकामागे कुठल्या तरी आयसीयूत लावलेली एक बाटली असू शकते.

तेव्हा ग्रंथालयवाली ताई, तुमच्या मॅडमचा एकअंकी एच-इंडेक्स स्वच्छ आहे, एवढं तुम्ही स्वतः पेपर उघडून खात्रीने सांगू शकता. फार थोड्या गौरविकांमध्ये असं सांगणारं कुणी असतं.

कृष्णाकाठ (कराड)

मी या क्षेत्रातला निवृत्त प्राध्यापक. बोल्ट-फुजींची माहिती बरोबर आहे, पण सूर थोडा एकांगी होतोय म्हणून हात घालतो.

आकडा नको म्हणणं सोपं आहे. पण आकडा नव्हता तेव्हा काय होतं हे मी पाहिलंय. बढती ओळखीवर, ज्येष्ठतेवर आणि साहेबांच्या मर्जीवर व्हायची. गावाकडून आलेल्या, कुणी पाठीशी नसलेल्या हुशार मुलाला आपलं काम दाखवायला साधन नव्हतं. आज तो सांगू शकतो की माझा हा पेपर, याला इतक्या लोकांनी वापरलं. हे छोटं बळ नाही.

आणि छोट्या गावातून मोठं काम होत नाही असंही नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर भूलतज्ज्ञ नाहीत, पण उदाहरण द्यावंच लागेल. १९७० च्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाची माणसं डोळ्यांदेखत जाताना पाहिली, नोंदी ठेवल्या, १९८२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं, पुढे प्रॅझोसिन या औषधाचा उपचार रुजवला. २०११ मध्ये पत्नी प्रमोदिनी यांच्यासोबत बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात नियंत्रित चाचणी छापली. जगात विंचूदंशावर कुणी लिहायला बसलं तर त्यांचा संदर्भ टाळून पुढे जाता येत नाही. तिथे सायटेशनचा आकडा खरंच काहीतरी सांगतो.

माझं म्हणणं इतकंच की आकडा छापा. लपवू नका. एकअंकी असला तरी छापा, आणि शेजारी तो कशाने बनलाय ते लिहा.

तासगावकर

मी डॉक्टर नाही, द्राक्षबागायतदार आहे. एच-इंडेक्स मला कळला तो वरच्या सरांच्या हिशोबावरून. पण विषबाधेचा पेपर म्हटल्यावर लिहितो.

माझ्या थोरल्या भावाला फवारणी करताना विषबाधा झाली. वाऱ्याची दिशा फिरली, अंग भिजलं, घरी येईपर्यंत तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, श्वास घरघरायला लागला. सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे त्याला मशिनवर घेतलं ते भूल देणाऱ्या डॉक्टरांनीच. आम्हाला तोवर वाटायचं हे डॉक्टर फक्त ऑपरेशनला झोपवतात. दर थोड्या वेळाने सिस्टर छातीला नळी लावून ऐकायच्या, भिंतीवरच्या एका कागदाकडे बघायच्या आणि इंजेक्शनचा डोस वाढवायच्या. तो कागद मला अजून आठवतो, प्लास्टिकमध्ये घातलेला, कडा पिवळ्या पडलेल्या, हाताने आखलेले रकाने. डोस, छातीचा आवाज, नाडी, वेळ. भाऊ वाचला, आज बागेत असतो.

तो कागद कुठल्या तरी डॉक्टरांच्या अभ्यासातून आला असणार ना? त्याची नोंद कुठे होते?

ग्रंथालयवाली (मिरज)

सगळ्यांचे मनापासून आभार. तासगावकर दादा, तुमचा प्रतिसाद वाचून तडक आयसीयूत गेले. आमच्याकडेही असाच कागद आहे, मॅडमनी बसवलेला. ॲट्रोपिन हे विषबाधेवरचं औषध थोड्या थोड्या मिनिटांनी दुप्पट करत जायचं, छाती मोकळी होईपर्यंत. बाहुल्यांकडे नाही, छातीकडे बघून ठरवायचं. तिथल्या सिस्टर म्हणाल्या की नवीन रेसिडेंट आला की आधी त्याला हा कागद पाठ करायला लावतात. मूळ कल्पना मॅडमची नाही, ती बाहेरच्या अभ्यासांतून आलेली. बांगलादेशातल्या २०१२ च्या एका चाचणीत अशा झपाट्याने वाढवत नेलेल्या डोसामुळे मृत्यूचं प्रमाण २२.५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आलं होतं. मॅडमचं काम म्हणजे आपल्या रुग्णांत हे कसं चालतं याची काटेकोर नोंद आणि तो रकान्यांचा कागद. तुमच्या भावाच्या वेळचा कागद हाच असेल असं मी म्हणणार नाही, पण प्रश्न तुम्ही अगदी नेमका विचारलात.

त्या निमित्ताने विषबाधेच्या संदर्भांमागे गेले आणि बारामतीला पोचले. २००६ मध्ये बारामतीच्या डॉक्टरांनी २०० रुग्णांवरची नियंत्रित चाचणी लॅन्सेटमध्ये छापली आहे. प्रॅलिडॉक्झिम हे औषध तुटक डोसात देण्याऐवजी ४८ तास सतत चालू ठेवलं. मृत्यू ८ टक्क्यांऐवजी १ टक्का. पुढे २००९ मध्ये श्रीलंकेत एडलस्टन यांच्या गटाने वेगळी चाचणी केली, त्यात त्या औषधाचा फायदा दिसला नाही. तेव्हापासून हा वाद चालू आहे आणि त्यावर लिहिणारा प्रत्येक जण बारामतीचा संदर्भ देतो: कुणी बाजूने, कुणी विरुद्ध, कुणी 'त्यांचे रुग्ण लवकर पोचले होते, काळजी चांगली घेतली होती, म्हणून फरक पडला असेल' असं म्हणत. स्कोपसमध्ये या तिघांचं वजन सारखंच, एकेक. हे मी इतकी वर्षं या कामात असून कधी उघडून पाहिलं नव्हतं, कारण कुणी मागितलंच नव्हतं.

मग मॅडमच्या प्रत्येक सायटेशनचंही तेच केलं. संदर्भ देणारा पेपर उघडायचा, ते वाक्य शोधायचं, काय म्हटलंय ते वहीत उतरवायचं. बरीचशी सायटेशन प्रस्तावनेतली निघाली, 'यावर पूर्वीही काम झाले आहे' अशा ओळीत पाच-सहा जणांबरोबर मॅडमचं नाव. काही मात्र वेगळी होती. गुटख्यावरच्या पेपराला संदर्भ देणाऱ्यांपैकी काहींनी त्यांची तपासणीची पद्धत जशीच्या तशी घेऊन आपल्या रुग्णांवर वापरली आहे. मध्यरात्रीची_केस, तुम्ही विचारलं होतं म्हणून: मॅडम दातांमधलं अंतर पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजायच्या, गालाच्या आतला पट्टा बोटाने चाचपायच्या आणि त्यावरून ठरवायच्या की रुग्ण जागा असतानाच नाकातून दुर्बीण घालून ट्यूब टाकायची का. भूल देऊन झाल्यावर तोंड उघडेल या आशेवर राहायचं नाही, हा त्यांचा निष्कर्ष. हे जबडे कातडीसारखे आवळलेले असतात, औषधाने सैल पडत नाहीत.

मध्यरात्रीची_केस (सांगली)

अगदी बरोबर. हा शेवटचा मुद्दा पुस्तकात एका ओळीत असतो, पण ज्याने एकदा अशी अंदाज फसलेली केस पाहिली त्यालाच त्याची किंमत कळते. मॅडमच्या हाताखाली शिकलेले दोघे माझ्याबरोबर काम करतात, दोघांच्या खिशात ती पट्टी असते. आता कळलं कुठून आली.

कृष्णाकाठ सरांशी मी सहमत आहे, आकडा छापावाच. एक भर घालतो, श्रेयाबद्दल. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली. श्वास बंद पडणाऱ्या रुग्णांपैकी बहुतेक जात होते. ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला बोलावलं. त्याने गळ्याला छिद्र पाडून नळी घातली आणि हाताने फुगा दाबून फुप्फुसात हवा भरायला लावली, जे आम्ही ओटीत रोज करतो. यंत्रं पुरेशी नव्हती म्हणून सुमारे १,५०० विद्यार्थी पाळ्या लावून फुगा दाबत बसले. आजच्या आयसीयूची सुरुवात तिथली. पण जानेवारी १९५३ मध्ये लॅन्सेटमध्ये जो पेपर आला तो विभागप्रमुख लासेन यांच्या एकट्याच्या नावाने. इब्सेन यांची बाजू मांडणारा लेख १९५४ मध्ये आला. कोविडमध्ये इथे व्हेंटिलेटर कमी पडले तेव्हा आम्ही सगळे इब्सेनचंच काम करत होतो. सायटेशनच्या खात्यात मात्र पहिला मान कुणाचा ते बघा.

म्हणून पेपरात मॅडमचं नाव कितव्या जागी आहे आणि प्रत्यक्ष काम काय केलं, हेही लिहा. त्यांनाच विचारून लिहा.

पीजी_दुसरं_वर्ष (कराड)

अजिंक्यतारा सर, हिशोब एकदम स्पष्ट झाला, आभारी आहे. माझ्या थीसिसचा पहिला तक्ता मी आज पुन्हा उघडून तपासला.

ग्रंथालयवाली ताई, माझं पुढच्या वर्षी लग्न आहे आणि पहिला पेपर आता जाईल. नावाचा गोंधळ आधीच टाळायला काय करू?

ग्रंथालयवाली (मिरज)

मनापासून अभिनंदन, दोन्हींसाठी!

आजच ऑर्किडचा (ORCID, संशोधकाची कायमची ओळख) सोळा आकडी क्रमांक काढून घे. फुकट आहे, पंधरा मिनिटांचं काम. पेपर पाठवताना तो क्रमांक दे. आडनाव बदललंस तरी क्रमांक तोच राहतो. पेपरावर नाव पूर्ण लिही, नुसतं आद्याक्षर नको. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये लिहिणार असशील तर प्रत्येक पेपरात सारखंच लिही. लग्नानंतरही पेपरांपुरतं एकच आडनाव ठेवलंस तर सगळ्यात उत्तम, पण तो तुझा निर्णय. संस्थेचं नावही दरवेळी एकाच पद्धतीने. गूगल स्कॉलरचं खातं उघडशील तेव्हा पेपर आपोआप जमा होण्याची सोय बंद ठेव, नाहीतर उसाचा रस येऊन बसेल. स्कोपसमध्ये खाती विखुरली तर लेखकाला स्वतः दुरुस्तीचा अर्ज करता येतो. मॅडमचा मी त्यांच्यासोबत बसून भरला, दुरुस्ती झाली.

सर्वांसाठी: पानाचा मजकूर समितीपुढे ठेवला आणि तो मान्य झालाय. वर तिन्ही आकडे आहेत, एच-इंडेक्ससकट, कुठल्या सूचीतून आणि कुठल्या तारखेला काढले ते लिहून. खाली तीन परिच्छेद: सिझरमधलं बीपी, आवळलेले जबडे, विषबाधा. प्रत्येकात प्रश्न काय होता, काय मोजलं, कुणी पुढे वापरलं आणि आपल्याकडे काय बदललं. मॅडमना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी दोन ठिकाणी 'मी' खोडून 'आम्ही' केलं आणि सहलेखकांमध्ये राहून गेलेलं एका जुन्या रेसिडेंटचं नाव घालायला लावलं. ॲट्रोपिनच्या कागदाचा फोटो त्याच पानावर जातोय, रकाने वाचता येतील एवढा मोठा.

आता एकच अडचण उरली आहे. मॅडमचा सर्वात जुना पेपर एका परिषदेच्या छापील स्मरणिकेत आहे आणि ती आमच्या ग्रंथालयात नाही. १९९० च्या दशकातल्या महाराष्ट्रातल्या भूलशास्त्र परिषदांच्या स्मरणिका सातारा, कराड, कोल्हापूर किंवा सोलापूरच्या कुणाकडे असतील तर कृपया व्यक्तिगत निरोप पाठवा. स्वतः येऊन स्कॅन करून नेईन.